आरोग्याची किंमत विचारताना



तांदळाचे मोल शोधण्यासाठी कोणाला घरोघर हिंडावे लागत नाही; ते बाजारातील व्यवहारातून आपोआप कळते. परंतु पटकीची लस, हिवतापापासून बचाव किंवा हृदयविकाराचा झटका येताच दाराशी येणारी सुसज्ज रुग्णवाहिका यांचे लोकांच्या लेखी मोल किती, हे कसे ओळखावे? आरोग्याच्या अर्थशास्त्राने यावर वरवर अगदी सोपा वाटणारा उपाय योजिला : लोकांनाच विचारावे. १९७३ साली अमेरिकन अभ्यासक जॅन ॲक्टन यांनी हृदयविकाराने होणारे मृत्यू टाळणाऱ्या योजनांसंबंधी असेच प्रश्न विचारून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. पुढे ही रीत जगभर पसरली.

या रीतीने मिळणाऱ्या रकमेला आपण 'मोल देण्याची तयारी' म्हणू. 'तयारी' हा शब्द मी जाणून योजिला आहे. 'आपण किती द्याल?', 'आपण किती देऊ शकाल?' आणि 'किती द्यावे असे आपणांस वाटते?' ही तीन वाक्ये भाषांतर करणाऱ्याला जवळजवळ सारखी वाटण्याचा संभव आहे. पण ऐकणाऱ्याला ती तशी वाटत नाहीत. पहिले वाक्य त्याच्याकडून निर्णय मागते, दुसरे त्याची ऐपत तपासते आणि तिसरे त्याला न्याय्य भाव विचारते. मग ज्या देशात एकच प्रश्नावली अनेक भाषांतून फिरते, तेथे सर्व भाषांतील उत्तरांची एकत्र सरासरी काढण्यापूर्वी प्रश्न खरोखर एकच होता काय, हे पाहिले पाहिजे.

शब्दांइतकीच प्रश्नाची घडणही परिणाम करते. 'किती द्याल?' असा मोकळा प्रश्न केला, तर कधी न विकत घेतलेल्या वस्तूचा भाव सांगताना माणूस गोंधळतो आणि पुष्कळदा उत्तरच टाळतो. म्हणून पाहणी करणारा स्वतः एक आकडा सुचवून तो चढवीत वा उतरवीत नेतो. परंतु मग तो पहिला आकडाच उत्तरदात्याच्या मनात खुंट्यासारखा रोवला जातो. पन्नासापासून आरंभ केला तर एक सरासरी, दोनशेपासून केला तर दुसरी! यावर तोडगा म्हणून एकच रक्कम सांगून 'हो' किंवा 'नाही' एवढेच विचारण्याची पद्धत आली. 'एक्सॉन व्हाल्डेझ' या जहाजातून १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडले. त्यानंतर केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल पारितोषिक विजेत्यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळाने १९९३ साली मतदानासारख्या याच पद्धतीची शिफारस केली. त्याचबरोबर, ही रक्कम दिली तर इतर गरजांना तेवढे पैसे कमी पडतील, याची उत्तरदात्याला आठवण करून द्यावी, असेही सांगितले. ती शिफारस पर्यावरणाच्या हानीपुरती होती, तरी आरोग्याच्या पाहण्यांवरही तिचा प्रभाव पडला. पण याही पद्धतीत एक कल आहेच. दारी आलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणणे अनेकांना जड जाते. मोकळ्या प्रश्नापेक्षा 'हो-नाही'च्या प्रश्नातून निघणारा आकडा बहुधा मोठा असतो.

नायजेरियातील ओबिन्ना ओन्वुजेक्वे यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या देशात, आपल्याकडील आठवडेबाजाराप्रमाणेच, घासाघीस केल्यावाचून खरेदी होत नाही. तेव्हा औषध लावलेल्या मच्छरदाणीची किंमत विचारतानाही मुलाखत घेणारा विक्रेत्यासारखा भाव सांगे आणि लोक तो पाडून मागत. बोलाच्या कढीवर न थांबता त्यांनी काही काळाने तीच मच्छरदाणी प्रत्यक्ष विकायला नेली आणि शब्द व व्यवहार ताडून पाहिले. व्हिएतनाममधील ह्वे शहरात पटकी व विषमज्वर यांच्या लशींविषयी विचारताना काही कुटुंबांना उत्तर देण्याआधी रात्रभर विचार करण्यास अवधी दिला गेला. ज्यांना तो मिळाला, त्यांनी सांगितलेली किंमत इतरांपेक्षा कमी भरली. घरी बोलल्यावर, खर्चाचा हिशेब मांडल्यावर, आकडा जमिनीवर आला.

आता 'शून्य' या उत्तराकडे पाहा. एक जण शून्य म्हणतो, कारण त्याला लस नको. दुसरा म्हणतो, कारण हातात पैसा नाही. तिसरा म्हणतो, कारण लस देणे हे सरकारचे कर्तव्य आहे अशी त्याची धारणा आहे. प्रश्नावलीत 'का?' हा पुढचा प्रश्न नसेल, तर तिघे एकाच रकान्यात जातात. आणि असला, तरी तिसऱ्याचे उत्तर 'निषेध' ठरवून पुष्कळदा हिशेबातून वगळले जाते. तो वगळला की उरलेल्यांची सरासरी वाढते. ज्याने आपला हक्क सांगितला, त्याचे मत अशा रीतीने गणनेबाहेर राहते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. असे आकडे शुल्क ठरविण्याच्या कामी येऊ शकतात. किमतीतील लहानसा फरक काय करतो, हे जेसिका कोहेन व पास्कालीन द्युपा यांनी केनियात दाखविले. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तो प्रश्नावलीचा नव्हे, प्रत्यक्ष किमतींचा प्रयोग होता. गर्भवती स्त्रियांना मच्छरदाणी फुकट देण्याऐवजी सुमारे ६० अमेरिकन सेंट आकारताच, ती घेणाऱ्यांची संख्या दर शंभरांमागे जवळजवळ ६० ने घटली. विचारण्याच्या चुकीमुळे फुगलेला आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. दवाखान्याच्या खिडकीशी मात्र त्याची भरपाई गरीब बाईला करावी लागते.

म्हणून या पाहण्या टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. लोकांना न विचारता त्यांच्या वतीने ठरविणे हे त्याहून वाईट. माझे म्हणणे इतकेच की, 'लोक अमुक रक्कम देण्यास तयार आहेत' असे वाक्य अहवालात दिसले, की आपण पुढील गोष्टी विचाराव्यात : प्रश्न कोणत्या शब्दांत होता? पहिला आकडा कोणी उच्चारला? विचार करायला अवधी होता काय? आणि शून्य म्हणणाऱ्यांचे काय केले? या प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नाहीत, त्यातील आकड्यावर गरिबाच्या औषधाचा भाव ठरू देऊ नये.