उत्तरायुष्याच्या पायऱ्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



केंद्र सरकारच्या सेवेत पन्नाशी ओलांडलेल्या माणसास निवृत्तिवेतनाचे नियम पाठ असावेत, यात नवल नाही. त्यांतील एक तरतूद आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात २० टक्क्यांची भर पडते. पुढे ८५ व्या वर्षी ती ३०, ९० व्या वर्षी ४० व ९५ व्या वर्षी ५० टक्के होते, आणि शंभरी गाठणाऱ्यास मूळ निवृत्तिवेतनाइतकीच रक्कम अधिक मिळते. या रुक्ष कोष्टकात एक शहाणपण दडलेले आहे. वार्धक्याला पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर माणसाची गरज बदलते, हे त्यात मान्य केले आहे.

नव्या निवृत्तिवसाहती याच जाणिवेवर उभ्या आहेत. पहिल्या पायरीवर धडधाकट दांपत्य आपल्या घरात राहते. स्वयंपाक, साफसफाई, दुरुस्ती यांचा भार संस्था उचलते. दुसऱ्या पायरीवर स्नान, कपडे, औषधाच्या वेळा यांसाठी मदतनीस लाभतो. तिसरीवर रात्रंदिवस परिचारिका असते. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी निराळा विभाग असतो. या सर्व पायऱ्या एका आवारात असण्याचे मोल पतीपत्नींपैकी एकाचे शरीर थकते तेव्हा कळते. एक शुश्रूषा-विभागात आणि दुसरा घरी, अशी वेळ आली तरी दोघांमधील अंतर व्हरांड्याइतकेच राहते.

‘वृद्धाश्रम’ हा शब्द उच्चारताना आपल्या घरांत अजूनही आवाज खाली येतो. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी ती जागा, असा त्याचा अर्थ मनात रुजला आहे. निराधारांसाठी झालेले कार्य थोरच आहे. सावित्री वैती यांनी निराधार वृद्ध स्त्रियांसाठी ‘विश्रांती’ ही संस्था याच शहरात १९७८ साली सुरू केली. त्याच वर्षी येथील सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग उघडला, आणि १९८८ मध्ये तेथे वृद्धांचा आंतररुग्ण कक्षही आला. गिंडी येथे २०२४ साली राष्ट्रीय वार्धक्य केंद्र सुरू झाले. २०११ च्या जनगणनेत देशात साठी उलटलेले लोक ८.६ टक्के होते, तर तमिळनाडूत १०.४ टक्के. या प्रांताला हा प्रश्न लवकर भेटला, म्हणून त्याची उत्तरेही येथे लवकर शोधली गेली.

या कार्यात आपल्या पूर्वजांचाही वाटा आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंटास १८०१ साली लिहिलेल्या पत्रात आपल्या छत्रांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध व पथ्याचे जेवण, गरोदर स्त्रियांची काळजी, असे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे तेथे पाहिले जाई. परक्या मुलखात आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या छपराखाली मानाने राहता यावे, हा विचार मराठी माणसाने या भूमीवर दोनशे वर्षांपूर्वी आचरणात आणला होता.

आम्ही मुलांना दोष देण्याच्या मताचे नाही. पोटापाण्यासाठी घर सोडण्याची रीत आपल्याच पिढ्यांनी घालून दिली. आपण साताऱ्याहून, नागपुराहून मद्रासेस आलो. मुले येथून न्यू जर्सीस गेली. पुण्यास परतावे म्हणावे, तर तेथील आळी ओळखीची राहिलेली नसते आणि चाळीस वर्षांचा शेजार येथे असतो. तेव्हा पुष्कळांचे उत्तरायुष्य याच शहरात जाणार, हे धरून चालले पाहिजे.

प्रवेश घेण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. एका पायरीवरून दुसरीवर हलविण्याचा निर्णय कोण घेणार? पतीस शुश्रूषा-विभागात नेल्यावर पत्नीचे घर राहील काय, आणि खर्च किती वाढेल? अनामत रक्कम कोणास व किती दिवसांत परत मिळेल? रात्री परिचारिका खरोखर हजर असते काय? केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती करारनाम्याशेजारी ठेवून वाचावीत. घर मुलांच्या नावे करून देताना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २३ वे कलमही ध्यानात असू द्यावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. मात्र ती अट दस्तऐवजात स्पष्ट लिहून घेणेच शहाणपणाचे.

आता आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. स्मृती ढळू लागली की पुष्कळांच्या बाबतीत मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा मागे राहते. आयुष्यभर बाजारात अस्खलित तमिळ बोललेल्या आजी एके दिवशी फक्त मराठीत पाणी मागतील. उशाशी बसलेली मुलगी मायाळू असेल, तत्पर असेल. पण ‘तण्णीर’ म्हटल्यावाचून तिला तहान कशी कळावी? ‘दुखतंय’ म्हणणाऱ्याचे दुखणे तिने कसे ओळखावे? उत्तम इमारत आणि निष्णात वैद्य येथे पुरे पडत नाहीत.

हे काम मंडळाचे आहे. पन्नास वर्षे आपण गणपती बसविला, नाटके केली, कोजागरीचे दूध आटविले. आता शंभर शब्दांची एक पुस्तिका काढू या. तहान, भूक, थंडी, वेदना, भीती यांचे मराठी शब्द तमिळ लिपीत आणि शेजारी त्यांचा तमिळ अर्थ, एवढेच तिचे स्वरूप असावे. शहरात जेथे जेथे मराठी वृद्ध असतील तेथे ती परिचारिकांच्या हाती द्यावी. शिवाय सभासदांनी पाळी लावून दर आठवड्यास एकाने तरी तेथे जावे, तासभर बसावे आणि मराठीत बोलावे. विषय कोणताही चालेल, पावसाचाही चालेल.

शरीराची काळजी पैसे मोजून घेता येते. आपल्या नावाची हाक आपल्या बोलीत कानी पडणे मात्र विकत मिळत नाही. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांची सुरुवात त्या हाकेने व्हावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.