इंजिनाचा ठोका
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



दरसाल हळदीकुंकवाला आपल्याकडे लोणची-पापड, मुलांचे संगोपन, नाहीतर भरतकाम यांवर कोणीतरी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी "गाडीच्या इंजिनाचा ठोका" असे सांगितले. त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. थट्टा नव्हे. मी सातवी शिकलेली बाई. यंत्रविद्येचे पुस्तक मी उघडलेले नाही. परंतु आपल्या आळीत जरा मोजून पाहा, किती घरांपुढे जुनी जीप, टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर उभा आहे. दूध, भाजी, चारा, कापूस, आजारी माणूस, सारे त्यावर जाते. आणि इंजिन बिघडले की घरातले पुरुष आधी गॅरेजकडे पाहतात आणि मग आपल्या हातातल्या पाटल्यांकडे पाहतात. पाटल्या उतरवण्यापूर्वी नेमके मोडले काय, एवढे तरी आपणांस विचारता यावे, म्हणून हे चार शब्द.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, हवा कोंडून दाबली जाते आणि दाबल्याने ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, तसेच. फक्त येथे ती हवा इतकी तापते की तिच्यात उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांचे असे इंजिन पहिल्यांदा धड चालले. डिझेल आत सोडणारी जी तोटी असते तिला नोझल म्हणतात. नोझल चांगली असेल तर डिझेल धुक्यासारखे उडते व उडता उडता जळते. नोझल बिघडली तर थेंब पडतात, डिझेल क्षणभर साठते, आणि मग सारे एकदम पेटते. गॅसची कळ आधी फिरवली आणि काडी उशिरा लावली म्हणजे जो भपका होतो, तोच प्रकार. बंद लोखंडात तो भपका झाला की ठोका ऐकू येतो. थोडा खटखटाट हा डिझेल इंजिनाचा स्वभावच आहे, त्याला भिण्याचे कारण नाही. काल नव्हता तो आवाज आज आला, तर मात्र उठून पाहावे.

आवाज हळूहळू वाढत गेला की एकाएकी आला, हा पहिला प्रश्न. हळूहळू वाढणारा आवाज बहुधा झिजेचा असतो. एकाएकी येणारा आवाज म्हणजे काहीतरी सुटले, अडकले, तुटले, किंवा ऑईल गेले. यांपैकी ऑईलचे आधी पाहावे, कारण तेथे मिनिटांचा हिशेब असतो. इंजिन बंद करावे, पाचदहा मिनिटे थांबावे, ऑईलची पट्टी ओढून फडक्याने पुसावी, पुन्हा घालावी आणि मग पाहावी. ऑईल खालच्या खुणेच्या खाली असेल, किंवा ऑईलचा काटा पडला असेल, किंवा तांबडा दिवा लागला असेल, तर "एवढे घरापर्यंत नेऊ" असे म्हणू नये. ऑईल नसताना कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग थोड्या वेळात जळते, आणि तसेच रेटले तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग दुरुस्ती राहत नाही, भंगारवाला येतो. ओढून आणावयास ट्रॅक्टरला जे काही द्यावे लागेल ते स्वस्त.

आमची जीप १९९६ सालची. २०२२ च्या दिवाळीनंतर एके दिवशी आमच्या घरचे परभणीला दूध घालून परत येत होते. झरी सोडली आणि बोरीच्या अलीकडे एकदम धाड-धाड सुरू झाले. त्यांनी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, हे फार चांगले केले. ऑईल पुरेसे होते. जीप ओढून एका गॅरेजात नेली. तेथे मिस्त्रीने इंजिन सुरू करविले, दोन मिनिटे ऐकले आणि सांगितले, कनेक्टिंग गेले, इंजिन खाली घ्यावे लागेल, पासष्ट हजार धरा. घरी पाटल्यांची गोष्ट निघाली. मी म्हणाले, माझ्या मामांना एकदा ऐकवू. माझे मामा एसटीच्या आगारात यांत्रिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण कान शाबूत. ते आले ते दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि मुद्दाम पहाटे. इंजिन पूर्ण गार असताना त्यांना ऐकावयाचे होते. बॅटरी धरावयास त्यांनी मला उभे केले आणि करतील ते सांगत गेले.

गार इंजिनाला ठोका आहे व तापल्यावर जातो, असे असेल तर पिस्टन सैल झालेले असण्याचा संभव. त्यावर गाडी सांभाळून पुष्कळ दिवस चालते. आमचा आवाज गार असतानाही होता, तापल्यावरही होता. मग मामांनी मला क्लच दाबावयास सांगितले. आवाज बदलता तर दोष क्लच नाहीतर गिअरबॉक्सकडे गेला असता. बदलला नाही. मग त्यांनी लांब पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनाला टेकवले आणि मूठ कानाशी धरली. डॉक्टरची नळी असते तशी. वर झाकणापाशी बारीक टिकटिक असेल तर ते टॅपेट. पातळ पट्टीचे माप घालून ते थोड्या खर्चात नीट होतात. तळाशी, ऑईलच्या चेंबरजवळ, जाड दबका ठोका असेल आणि गाडीवर ओझे पडताच वाढत असेल तर बेअरिंगचा संशय. आमचा ठोका वरच्या बाजूस अधिक ऐकू येत होता आणि टणक होता. मामांनी मलाही ऐकवले. पदर कमरेला घट्ट खोचून आणि वेणी झंपरात घालून मगच मला जवळ येऊ दिले, कारण पंखा आणि पट्टा कोणाची ओळख ठेवीत नाहीत.

मग खरी परीक्षा. चार सिलिंडर, चार नोझला, प्रत्येकीला डिझेलची एक पोलादी नळी. इंजिन मंद चालू ठेवून मामांनी एकेका नळीचा नट पान्याने किंचित ढिला केला, वर जाड फडके धरून, तोंड बाजूला करून. नट ढिला झाला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही आणि इंजिन जरा लंगडते. पहिली ढिली केली, ठोका तसाच. दुसरी, तसाच. रेडिएटरकडून तिसरी ढिली करताच ठोका गेला. पुन्हा आवळली, पुन्हा आला. मला वाटले, सापडले! मामा म्हणाले, अर्धेच सापडले. कारण त्या सिलिंडरचे बेअरिंग गेलेले असते तरी हेच झाले असते. डिझेल बंद म्हणजे आतला दणका बंद, आणि दणका बंद म्हणजे सैल बेअरिंगही ठोकत नाही. एवढ्यावरून "कनेक्टिंग गेले" म्हणणारा मिस्त्री खोटे बोलतो असे म्हणता येत नाही. दोन्ही आवाज सख्ख्या बहिणींसारखे असतात.

मग त्यांनी इंजिन बंद केले, तिसऱ्या सिलिंडरची नोझल काढून दुसऱ्यात घातली आणि दुसऱ्याची तिसऱ्यात. या कामाला तासाहून अधिक वेळ गेला. पुन्हा इंजिन सुरू करून एकेक नळी ढिली केली. आता ठोका दुसऱ्या सिलिंडरवर गेला होता. बेअरिंग आपली जागा सोडून शेजारी जात नाही. आवाज नोझलबरोबर गेला, म्हणजे दोष नोझलचा. तो तिसऱ्यावरच राहिला असता तर पासष्ट हजारांचे काम खरे होते, आणि आम्ही ते केले असते.

नोझल पंपाच्या दुकानी तपासली. यंत्रावर लावून दाब देताच बाकीच्या तिघींचा फवारा उडाला, हिची धार गळली. आतली सुई अडकली होती. जुन्या टाकीच्या तळचा गंज फिल्टरातून निसटून तेथवर गेला होता. नवी नोझल, तांब्याचे वायसर, नवा फिल्टर आणि टाकी धुण्याची मजुरी मिळून २,९०० रुपये झाले. पाटल्या हातात आहेत, पाहा.

हे नळी ढिली करण्याचे काम जुन्या पद्धतीच्या पंपावरच, आणि जाणत्या हातानेच करावयाचे. डिझेलची बारीक धार कातडीत शिरते, आणि ती जखम सुईएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जावे लागते. नव्या डिझेल गाड्यांत तर नळीतला दाब हजार बारच्याही वर असतो. तेथे पान्याला हात लावूच नये. तेथे संगणक लावून दोष पाहतात.

सारे ठोके इंजिनाच्या आतले असतात असेही नाही. इंजिन ज्या रबरांवर बसते ते रबर तुटले की इंजिन हलून चेसीवर आपटते. सायलेन्सरची पट्टी सुटली तरी तोच घोळ. पाण्याच्या पंपाचे बेअरिंग, सैल पुली, हेही फसवतात. गाडी जागेवर उभी असताना आवाज नाही आणि चालताना आहे, तर खालचा क्रॉस नाहीतर चाक पाहावे. पंप काढून पुन्हा बसवल्यानंतर चारही सिलिंडर ठोकू लागले तर पंपाचा टायमिंग चुकला असे समजावे.

ज्यांच्या घरी पेट्रोलची जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडेसे. तिचा ठोका बहुधा चढावर, ओझे असताना, बारीक टकटक असा येतो. ठिणगी लवकर पडणे, आत काजळी साचणे, इंजिन फार तापणे, पेट्रोल हलके असणे ही त्याची कारणे. १९२१ साली अमेरिकेत एका रसायनतज्ज्ञाला आढळले की शिशाचे एक औषध पेट्रोलमध्ये घातले म्हणजे हा ठोका बंद होतो. ठोका बंद झाला, पण धुरातून शिसे जगभरच्या लेकरांच्या अंगात गेले आणि त्यांच्या मेंदूस अपाय करू लागले. आपल्या देशात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ साली. एका खटखटीच्या उपायापायी एवढे झाले, हे वाचले तेव्हा मला त्या रात्री झोप आली नाही. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते बाधू शकते, त्या तपासाव्यात. पण ठोक्याचा दोष त्याच्यावर ढकलू नये. इथेनॉलने ठोका उलट कमी होतो.

आता गॅरेजात काय विचारावे ते सांगते. आवाज कोणत्या सिलिंडरचा, हे विचारा. कसे ओळखले, हे विचारा. नोझला अदलाबदल करून पाहिल्या का, ऑईलचा दाब माप लावून पाहिला का, हे विचारा. चांगला मिस्त्री रागावत नाही. आमच्या मामांना तर कोणी विचारले की हुरूप येतो. इंजिन उघडलेच तर काढलेले जुने भाग पिशवीत घालून मागा. बेअरिंग खरोखर गेलेले असेल तर त्यावरचा मऊ थर उडून तांबडा पत्रा उघडा पडलेला दिसतो. ते पाहावयास शाळा लागत नाही.

आमची जीप मंडळाच्या मागच्या अंगणात उभी आहे. तिळगूळ वाटून झाल्यावर ज्यांना इंजिन ऐकून पाहावयाचे असेल त्यांनी तिकडे यावे. पेचकस मी बरोबर आणला आहे. पदर तेवढे खोचून या.