डोंगरमाथ्यावरील खुणेचा दगड



अजिंठ्याच्या रांगेतले पुष्कळ डोंगर माथ्यावर सपाट आहेत. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले. मऊ थर झिजले, कठीण थर टिकले, म्हणून हा आकार. अशाच एका माथ्यावर संघटनेतले आम्ही चौघे जुन्या मोजणीची खूण शोधीत गेलो होतो. दगडात कोरलेले वर्तुळ आणि त्याच्या मध्यावर बिंदू, एवढीच ती खूण. दुपारपर्यंत ती काही सापडेना. अखेर एक गुराखी म्हणाला, "काय धुंडता, दादा?" त्याने झुडपाआडचा उकरलेला चौथरा दाखवला. खाली धन असेल म्हणून कोणीतरी खणले होते. दगड मिळाला, वर्तुळ मात्र अर्धे फुटलेले.

ह्या दगडाचे मोल काय? १८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ साखळीने साडेसात मैलांची एक रेषा मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. अशी त्रिकोणांची माळ कन्याकुमारीकडून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाचे. १८०८ साली तंजावरच्या देवळावर ते चढवताना दोर तुटून मोडले. लॅम्ब्टनने स्वतः बसून दुरुस्त केले. हा चिवट माणूस १८२३ साली कामावर असतानाच आपल्या हिंगणघाटला वारला.

त्यांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पण अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरावर नेले कोणी? झाडे कोणी तोडली? दूरच्या शिखरावर निशाण धरून कोण उभे राहिले? खलाशांनी!

उन्हाळ्यात धुरळ्याने दूरचे दिसत नाही. पावसानंतर हवा निवळते. म्हणून काम पावसाळ्यात, म्हणजे नेमके हिवतापाच्या दिवसांत. १८१९ साली कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात जॉर्ज एव्हरेस्टची तुकडी तापाने आडवी झाली, माणसे दगावली. त्याच मोहिमेत सोबतच्या शिपायांनी पुढे जायचे नाकारले, तेव्हा त्यांना फटके मारण्यात आले. पुढे एव्हरेस्टनेच रात्री दिवे लावून कोरड्या ऋतूत कोन मोजण्याची पद्धत रुळवली. म्हणजे दुसरा मार्ग होता. तो आधी का सुचला नाही, हा प्रश्न कामगाराने विचारायलाच हवा.

१८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. त्या शिखराच्या उंचीच्या गणिताशी राधानाथ सिकदारांचे नाव निगडित आहे, तेही फार उशिरा लोकांच्या तोंडी आले. निशाण धरणाऱ्यांची नावे तर आमच्या वाचनात कोठेच आली नाहीत.

तुम्ही म्हणाल, दोनशे वर्षांपूर्वीचे उकरून काय मिळणार? आमचा अनुभव असा, की हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याच्या विधवेला भरपाई मागता येत नाही. नाव लिहिणे हा उपकार नव्हे. तो हक्काचा पाया आहे.

आम्ही तो दगड होता तिथेच ठेवला आणि भोवती चार दगड रचले. गुराखी म्हणाला, "आता कोणी नाही खणणार, मी सांगेन." त्याचे नाव आम्ही आमच्या वहीत लिहून घेतले आहे. तुम्हालाही डोंगरावर असा दगड दिसला, तर तो उकरू नका. आणि एखादे मोठे काम पाहाल, तेव्हा ते कोणाच्या खांद्यावरून वर आले, एवढे विचारल्याशिवाय उतरू नका.