वरणाचं पाणी की वरण?

मी कोलकात्याहून बोलते आहे, पण विषय तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातलाच आहे.

बंगालात बाळाचं 'मुखे भात' करतात. म्हणजे आपलं उष्टावण. मामा बाळाला मांडीवर घेतो आणि पायेश, म्हणजे तांदळाची खीर, भरवतो. हा समारंभ अगदी वेळेवर होतो. गडबड होते ती दुसऱ्या दिवसापासून. "अजून पचायचं नाही गं त्याला," असं म्हणत आजी वरचं पाणी देते. वरणाचं पाणी नाहीतर भाताची पेज. या भाताच्या निथळलेल्या पाण्याला बंगालीत 'फ्यान' म्हणतात. 1943 च्या दुष्काळात खेड्यांतून आलेली माणसं कोलकात्याच्या रस्त्यांवर हे फ्यान मागत फिरली. भात मागायची सोयच उरली नव्हती. आणि आपण डब्यात डाळ-तांदूळ असताना तेच पाणी बाळाला पौष्टिक म्हणून पाजतो!

सात-आठ महिन्यांच्या बाळाचं पोट केवढंसं! एका वेळी अर्धी-पाऊण वाटी. ती पाण्यानं भरली की बाळ शांत होतं, झोपतं, पण वजन काही वाढत नाही. आईला वाटतं, पोटभर जेवलं की. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 35 टक्के निघालं, पश्चिम बंगालमध्ये 34. दोन्ही राज्यांची ताटं किती वेगळी, पण आकडा जवळजवळ एकच. आणि 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळतो तो देशात फक्त 11 टक्क्यांना. हे सगळं गरिबीवर ढकलता येणार नाही. गरिबी आहेच, पण खात्यापित्या घरातही मी पातळ वाटी पाहिली आहे.

कोलकात्याच्या दक्षिणेला, डायमंड हार्बर रस्त्यावर जोका ओलांडलं की पैलान लागतं. तिथे 'चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट' आहे. सगळे तिला 'सिनी' म्हणतात. बालरोगतज्ज्ञ डॉ. समीर चौधुरी यांनी 1974 मध्ये ती सुरू केली. औषधानं बरं झालेलं मूल घरी जाऊन पुन्हा रोडावतं, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या रोजच्या अनुभवाचं. म्हणून सिनीच्या पोषण केंद्रात मुलाबरोबर आईही राहते, आणि तिथेच शिजवायला, भरवायला शिकते. त्यांचं 'न्यूट्रिमिक्स' प्रसिद्ध आहे. नाव इंग्रजी, पण वस्तू साधीच: धान्य आणि डाळ भाजून केलेलं पीठ. धान्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते धान्यात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. अहो, हे तर आपलं मेतकूट! मसाला आणि हिंग वगळलं की झालं. नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्वही त्याच शहाणपणातलं. मोड आल्यावर पिठाची खीर फार घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. आपल्या आज्यांना हे माहीत होतं. मधेच कुठेतरी डब्यातल्या महागड्या पावडरी आल्या आणि मेतकूट फक्त मऊ भाताच्या आठवणीत राहिलं.

आता शिकवायचं कुणाला? आपण सगळे आईला शिकवतो. पण वाटीत काय पडायचं हे पुष्कळ घरांत सासू ठरवते, आणि बाजारातून काय यायचं ते नवरा. सूनबाई अंगणवाडीतून ऐकून येते आणि घरी गप्प बसते. म्हणून प्रात्यक्षिक ठेवाल तेव्हा आजीला पुढे बसवा, पीठ तिच्याच हातून भाजून घ्या.

शाळेतल्या मुलांचाही उपयोग होतो. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं ठरवून दिलेली आहेत. खिचडी वाढताना सांगा, डाळ कशाला घातली, वर लिंबू पिळलं तर पालेभाजीतलं लोह अंगी कसं लागतं. पोरं ते घरी जाऊन सांगतात, आणि आज्या नातवंडांचं ऐकतात. सुनेचं ऐकत नाहीत त्यापेक्षा तरी जास्त!

घरी एकच पाहा. बाळाचं जेवण चमच्यात घ्या आणि चमचा कलता करा. धार लागली तर ते पातळ आहे. चमच्यावर ठरलं तर बरोबर. मग त्यात एक लहान चमचा तेल किंवा तूप घाला, तेवढ्यानं 45 कॅलरी वाढतात, आणि मग भरवायला बसा.