पहिला गळ, पहिले जाळे



द्रौपदीच्या स्वयंवराची गोष्ट आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकली आहे. वर मासा फिरतो आहे. खाली पाणी आहे. अर्जुन पाण्यात बघतो आणि बाण वर सोडतो. माशाचा डोळा फुटतो. आपण माना डोलावतो.

पण तो मासा वर टांगलेला होता. खरा मासा पाण्यात असतो, आणि पाणी माणसाला फसवते. एक काठी घ्या. नीरेच्या नाहीतर कऱ्हेच्या पाण्यात तिरकी बुडवा. ती मोडल्यासारखी दिसते. काठी मोडलेली नसते. पाण्यातून बाहेर येताना उजेड वळतो, म्हणून तसे दिसते. मासाही असाच. तो दिसतो त्यापेक्षा खाली असतो. दिसतो तिथे नेम धरला, तर बाण त्याच्या पाठीवरून जातो.

अमेरिकेत पुष्कळ लोक हौसेने धनुष्यबाणाने मासे मारतात. बाणाला दोरी बांधलेली असते. दोरीची फिरकी धनुष्यालाच बसवलेली असते. नवशिक्याने तिथे फार ताठ धनुष्य घेत नाहीत. 15 ते 20 किलो ओढीचे त्याला पुरते. फिरकीही सोपी लागते. दोरी कुठे अडकली, तर सुटलेला बाण उलटा अंगावर येतो.

आपल्या बारामती-इंदापूर भागात धनुष्याचे काम नाही. आपल्याकडे गळ आहे, जाळे आहे. पण यातून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, पहिले हत्यार आपल्या हाताला पेलणारे असावे. दुसरी गोष्ट मोठी आहे. बाण लागला की मासा परत सोडता येत नाही. तो लहान होता हे मागून कळून काय उपयोग? म्हणून आमचे सांगणे असे : ज्यातून लहान मासा जिवंत परत जाईल, तेच हत्यार पहिले घ्यावे.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. ठेच लागली, तेव्हा शहाणे झालो.

भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पुरे झाले. भिंत माढा तालुक्यात, पण पाणी मागे इंदापूर तालुक्यात लांबवर पसरले. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर दिसते. आमच्या वडिलांचे वावरही तसेच पाण्यात गेले. जिथे ते पाभर चालवीत, तिथून आता होडी जाते. भोई मंडळींना पाण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. आम्हाला ती कुठून असणार? आम्ही कुणब्याची पोरे. वावर गेले, म्हणून पाण्याकडे वळलो.

आम्ही चौघांनी उसने पैसे काढले आणि जाळे घेतले. दुकानात बारीक आसाचे जाळे स्वस्त मिळाले. आस म्हणजे जाळ्याचे भोक. आम्ही म्हणालो, "भोक बारीक तर मासे जास्त. लई झ्याक!" पहिले दोन महिने पाट्या भरून मासे आले. पण कसले? बोटाएवढे. त्यांना भाव कोण देणार? मातीमोल गेले. एक म्हातारे भोई काका काठावर बसून बघत होते. ते म्हणाले, "आरं पोरांनो, बियाणंच खाताय व्हय?"

आम्ही हसलो. पुढच्या साली आमच्या त्या खाडग्यात जाळे रिकामे येऊ लागले. कर्ज मात्र होते तिथेच होते. तेव्हा हसू आले नाही. शेतकऱ्याच्या पोरांना बियाण्याची गोष्ट दुसऱ्याने सांगावी लागली, याची लाज वाटली.

तेव्हा नवशिक्याने काय करावे?

पहिल्यांदा गळ घ्यावा. खर्च थोडा, आणि पाण्याची ओळख होते. एक बांबूची काठी, नायलॉनची दोरी, गळ, शिशाचा लहान तुकडा आणि तरंगता बोंडा, एवढ्यावर भागते. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

इथे आपले वाचणे कामाला येते. दोरीच्या पाकिटावर दोन आकडे छापलेले असतात. एक जाडीचा, आणि एक ती किती किलो ओढ सोसते त्याचा. दुकानदाराला विचारण्याआधी आपण स्वतः वाचावे. गळाच्या पाकिटावरही नंबर असतो. तो जरा उलटा चालतो. साध्या गळात 10 नंबरचा गळ लहान आणि 4 नंबरचा मोठा. ज्याला हे ठाऊक नाही, तो मोठा समजून लहान घेऊन येतो.

गळाला टोकाजवळ एक उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून बसवावा. मग लहान मासा फारशी इजा न होता सुटतो. गळ आपल्याच बोटात घुसला, तरी लवकर निघतो. दोरी मात्र ताणलेली ठेवावी, नाहीतर मोठा मासाही सुटून जाईल.

गाठ नीट शिकावी. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवावी. टोक दोरीभोवती पाच वेढे फिरवावे. मग ते नेढ्याजवळच्या फटीतून घालावे. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर दोरी घासून कच्ची होते.

पुढे हात बसला की फिरकीची काठी घ्यावी. फिरकीला एक चाप असतो. मासा जोरात ओढू लागला, तर चापाने दोरी थोडी थोडी सुटावी. दोरी सोसते त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर चाप ठेवावा. दोरी 6 किलोची असेल, तर दीड-दोन किलोवर फिरकी फिरली पाहिजे. हे मोजायचे कसे? 2 लिटरची बाटली पाण्याने भरली की तिचे वजन सुमारे 2 किलो होते. ती दोरीला बांधून उचलून बघावी. हळूच दोरी सुटली, तर चाप बरोबर आहे.

कोणता मासा कुठे असतो, हेही ध्यानात घ्यावे. कटला वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ तळाशी. बोंडा त्याप्रमाणे वर-खाली बांधावा. चिलापी गांडुळाला येते आणि कणकेच्या गोळीलाही येते. हा मासा आपला नव्हे. तो 1952 साली बाहेरून भारतात आणला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते. कटला, रोहू, मृगळ मात्र पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. त्या दिवसांत पोट फुगलेली मादी हाती लागली, तर तिला सोडून द्यावे. एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात.

वर्ष-दोन वर्षांनी जाळे घ्यावे. आस हातात घेऊन ताणावी आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर पट्टीने मोजावे. दुकानदार कधी एका बाजूचे माप सांगतो, कधी ताणलेले. दुप्पट फरक पडतो. मोजूनच पैसे द्यावेत. किती आस चालते आणि परवाना कोणता लागतो, हे मच्छीमार संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत विचारावे. वडाप लावून पिल्ले ओढणाऱ्यांच्या नादी लागू नये. पाण्याखाली जुन्या बाभळी आहेत, पडक्या भिंती आहेत. त्यात जाळे फाटते. जाणत्याला सोबत घेऊन जागा बघावी.

आणि गळ, दोरी, फिरकी या सगळ्यांच्या आधी एक वस्तू विकत घ्यावी. ती म्हणजे अंगात घालायचे लाइफ जॅकेट. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. उजनीचे पाणी उन्हाळ्यात दुपारनंतर कधी खवळेल, ते सांगता येत नाही. आभाळ काळे दिसले की मासा सोडावा, काठ धरावा. घरी चूल पेटवून कुणीतरी वाट बघत असते.

आम्ही चौघांनी शेवटी ते बारीक जाळे मोडीत काढले. मोठ्या आसाचे घ्यायला तीन वर्षे गेली. आता पाट्या पूर्वीएवढ्या भरत नाहीत. पण भिगवणच्या बाजारात आमच्या मालाला भाव मिळतो, आणि उसने पैसे फिटले. ते भोई काका आता नाहीत. आमची पोरे पहिल्यांदा गळ घेऊन काठावर गेली, तेव्हा आम्ही त्यांचे बोल जसेच्या तसे पोरांना सांगितले. बियाणे खाऊ नये. वावरात नाही, तसे पाण्यातही नाही.

राम राम.