कुलपे दिसायला धडधाकट

संगणकावरून धाडलेला मजकूर वाटेत कुणी वाचू नये म्हणून त्याला कुलूप घालतात. अशी कुलपे घडवणारा ओपनएसएसएल हा आज्ञावलींचा संग्रह कुणालाही उघडून पाहता येतो, दुरुस्तही करता येतो. २००६ साली डेबियन या संगणक-प्रणालीसाठी त्याची डागडुजी चालली असता तपासणीच्या साधनाने कुरकुर केली : जिथे काही लिहिलेलेच नाही, तिथून वाचले जाते आहे. दुरुस्ती करणाऱ्याने विचारपूस केली नि दोन ओळी बंद केल्या. कुरकुर थांबली! शिक्षकबंधूंनो, वहीतली लाल खूण पुसली की गणित सुटले, असे मानणारी मुले तुम्ही पाहिलीच असतील.

एक ओळ गेली तरी चालण्यासारखी होती. दुसरी मात्र, कुणाला अंदाज लागू नये असे आकडे किल्लीत मिसळणारी. ती गेल्यावर उरला फक्त चालू कामाला संगणक देतो तो अनुक्रमांक. तो फार तर ३२,७६८. म्हणजे एका जातीच्या, एका मापाच्या कुलपांना जगभर तेवढ्याच किल्ल्या. चोराने सावकाश एकेक लावून पाहावी! कुलूप मात्र नीट लागे, नीट उघडे. म्हणूनच दोष जाहीर व्हायला मे २००८ उजाडला. ओळ परत आली. पण मधल्या काळात घडवलेल्या किल्ल्या टाकूनच द्याव्या लागल्या.