घर घ्यायचंय, पण बघायची किती?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचलाय. आपला एक श्रोता शिरवळच्या कंपनीत कामाला आहे, कापूरहोळला भाड्याने राहतो आणि त्याच पट्ट्यात स्वतःचं घर शोधतोय. तो म्हणतो, "दादा, १९ घरं बघून झाली. आता पहिलं कसं होतं तेच आठवत नाही. आई म्हणते अजून बघ, एजंट म्हणतो आजच टोकन टाक. नक्की किती बघायची असतात?"

ज्यांना कापूरहोळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की खेड शिवापूरचा टोलनाका लागतो, पुढे नसरापूरचा फाटा आणि मग कापूरहोळ. इथून एक रस्ता भोरला जातो, दुसरा केतकावळे, नारायणपूर करत सासवडला. हायवेला चिकटून असल्यामुळे इथे फ्लॅट आहेत, रो-हाउस आहेत, एनए प्लॉट आहेत, गावठाणातली जुनी घरंही आहेत. आणि गुंठ्यावर विकायला काढलेली शेतजमीन तर आहेच.

मी त्याला परत विचारलं, १९ मध्ये काय काय होतं? तर निघाले ७ फ्लॅट, ४ रो-हाउस, बाकी प्लॉट. म्हणजे त्याने १९ घरं बघितलीच नव्हती. ७ फ्लॅट बघितले होते, आणि डोक्यात गोंधळ मात्र १९ चा. रो-हाउसच्या अंगणाची तुलना फ्लॅटच्या लिफ्टशी कशी करणार? त्यामुळे आकडा मोजायला सुरुवात करण्याआधी प्रकार आणि बजेट ठरवायचं. त्याआधी जे बघितलं ते नुसतं फिरणं.

आता आकड्याकडे येऊ. गणितात या प्रश्नाचं एक प्रसिद्ध उत्तर आहे, ३७ टक्क्यांचा नियम. समजा तुम्ही १० घरं बघणार आहात. एकेक घर समोर येतं, सोडलं की गेलं, परत मिळत नाही. अशा वेळी पहिली ३ फक्त बघायची, कितीही आवडली तरी घ्यायची नाहीत. चौथ्यापासून पुढे, आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस असं जे पहिलं घर दिसेल, ते घ्यायचं. १० मधलं सर्वांत चांगलं घर हाती लागण्याची शक्यता यात जवळपास ४० टक्के असते. डोळे झाकून एक निवडलं तर १० टक्के. म्हणजे फायदा चौपट.

ऐकायला भारी वाटतं ना? पण याची दुसरी बाजू रील्समध्ये कोणी सांगत नाही. सर्वांत चांगलं घर पहिल्या तिघांतच असेल तर? ती शक्यता ३० टक्के आहे. मग पुढचं एकही घर त्याला मागे टाकत नाही, आणि शेवटी दहावं जसं असेल तसं गळ्यात पडतं. शिवाय या गणितात दुसऱ्या नंबरचं घर मिळणं म्हणजे नापास. अरे, आपल्याला दुसऱ्या नंबरचं घर मिळालं तर आपण पेढे वाटू!

खगोलशास्त्रज्ञ केप्लरची गोष्ट इथे आठवते. १६११ मध्ये त्याची पहिली बायको वारली, आणि दुसऱ्या लग्नासाठी त्याने ११ स्थळं बघितली. आपल्याकडच्या कांदेपोह्यांसारखंच, फक्त जर्मन पद्धतीचं. अकराही झाली, आणि शेवटी तो परत गेला पाचव्या स्थळाकडे. १६१३ मध्ये सुझानाशी लग्न झालं. म्हणजे मागे वळता येतं. घराच्या बाबतीतही बऱ्याचदा येतं, पण "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय" असं सांगून एजंट ती वाट बंद करतो. आणखी एक, घरं कुठल्या क्रमाने दाखवायची हेही तोच ठरवतो. आधी दोन अंधारी, कोंदट घरं दाखवली की तिसरं साधं घरसुद्धा राजवाडा वाटतं. म्हणून दोन-तीन वेगळ्या लोकांकडून घरं बघा आणि क्रम आपण लावा.

हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं मला घरासाठी जास्त पटतं. माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही. पुरेसं चांगलं म्हणजे काय ते ठरवतो आणि ते मिळालं की थांबतो. पण हे "पुरेसं" घरी सोफ्यावर बसून कळत नाही. पहिली तीन-चार घरं त्यासाठीच बघायची. पहिल्या घरात तुम्ही टाइल्स बघता. तिसऱ्यापर्यंत विचारायला लागता की मे महिन्यात पाणी बोअरचं असतं की टँकरचं.

माझं मत विचाराल तर एका प्रकारची, एका बजेटमधली ८ ते १० घरं पुष्कळ झाली. त्यातली पहिली ३ टोकन न देता. आणि १० मध्ये एकही पसंत पडलं नाही तर अकरावं बघू नका. बजेट, प्रकार किंवा परिसर, यातलं काहीतरी बदलायची वेळ आलीय.

बघितलेलं त्याच दिवशी मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि सगळ्यांचा कार्पेट एरियाच लिहा. सेलेबल, सुपर बिल्टअप असले आकडे नकोत. रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या ठरलेली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडायची. एकाने एक आकडा सांगितला, दुसऱ्याने दुसरा, तर स्वस्त कोणतं ते कळणारच नाही.

मग दोन घरं बाजूला काढा आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जा. तुम्ही रविवारी दुपारी गेलात तर रस्त्यावर केतकावळ्याच्या बालाजीला निघालेल्या गाड्या दिसतील. तुमचा रोजचा रस्ता सोमवारी सकाळचा आहे, तेव्हा जाऊन बघा. रात्री ११ वाजता बेडरूमच्या खिडकीत उभे राहा, हायवेवरचे ट्रक किती ऐकू येतात ते कळेल. एकदा भर पावसात जा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना पाण्याचं विचारा, त्या बिल्डरपेक्षा खरं सांगतील.

कागद मात्र घर मनात भरायच्या आधी बघायचे, कारण एकदा जीव जडला की वकिलाचं ऐकवत नाही. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकून बघा. जमिनीचा डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो. गावठाणातलं घर असेल आणि मालक फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवत असेल तर सावध राहा. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून करून घ्या.

राहिला टोकनचा प्रश्न. रेरा लागू असलेल्या प्रकल्पात साठेखत नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या मालकाकडून घेताना ते संरक्षण नसतं, म्हणून इसारपावतीवरच लिहून घ्या: बँकेने कर्ज नाकारलं किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर इसार अमुक दिवसांत परत. मालक हे लिहून द्यायला तयार नसेल तर ते घर तुमच्या १० मधून वजा करा आणि पुढचं बघायला जा.

पुढच्या भागात इसारपावतीत नेमकी काय भाषा असावी, ते बघू. तुम्ही किती घरं बघितलीत ते कमेंटमध्ये टाका, पण प्रकार वेगवेगळे मोजून हं!